वीस अक्षरं, चार आवाज: अभिजात चिनी कविता वृंदगानासाठी कशी रचावी

चीनमधल्या थांग राजवटीच्या काळातली पाच अक्षरी चौपदी म्हणजे अवघी वीस अक्षरं. प्रत्येक अक्षर एक शब्द, आणि प्रत्येक शब्दाला स्वतःचा सूर, म्हणजे उच्चारातला ठरलेला चढउतार. या सुराकडे दुर्लक्ष करून आधी चाल बांधली आणि मग शब्द बसवले, तर गाणं कानाला गोड लागेल, पण चिनी श्रोत्याला ते आपल्या कवितेसारखं वाटणार नाही. म्हणून इथे काम उलट्या क्रमाने करायचं आहे: आधी अक्षर, मग त्याचा सूर, त्यातून चाल, आणि अगदी शेवटी स्वरमेळ.

उदाहरणादाखल एकच कविता शेवटपर्यंत घेऊ. कवी ल्यू त्सुङ्-युआन (७७३–८१९), कविता ‘च्याङ् श्युए’, म्हणजे नदीवरचं हिम. राजदरबारातला सुधारणावादी गट ८०५ मध्ये कोसळला आणि कवीची आजच्या हूनान प्रांतातल्या युङ्-चौ इथे हकालपट्टी झाली. त्या वर्षांतली ही रचना. आशय असा: हजार डोंगर, पक्ष्यांचं उडणं संपलेलं, दहा हजार वाटा, माणसांच्या पाऊलखुणा पुसलेल्या, एकटी नाव, गवताचं इरलं आणि बांबूची टोपी घातलेला म्हातारा, एकटाच गळ टाकून बसलेला, थंड नदीवरच्या हिमात.

कोणत्या बोलीत गायचं?

हा निर्णय पहिल्या दिवशी घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मूळ कविता ज्या उच्चारांत रचली गेली ते आज कुणी बोलत नाही. आजची मंदारिन सगळीकडे समजते आणि वृंदाला शिकवायला सोपी पडते, पण तिच्यात जुने ‘प्रवेश’ सूर उरलेले नाहीत. हे सूर म्हणजे प्, त्, क् या व्यंजनांवर झटकन बंद होणारी अक्षरं. ‘च्याङ् श्युए’ची तिन्ही यमकं (च्युए, म्ये, श्युए) पूर्वी त्-वर संपत. कँटनीजमध्ये ती अजूनही च्युत्, मित्, स्युत् अशी तुटतात. मंदारिनमध्ये तीच अक्षरं उघड्या स्वरावर संपतात, शिवाय तीन वेगवेगळ्या सुरांत विखुरली आहेत. कवी तू फू याच्या ७५७ मधल्या ‘छुन वाङ्’चंही तसंच झालं आहे. तिची यमकं कँटनीजमध्ये साम्, साम्, काम्, चाम् अशी जुळतात. मंदारिनमध्ये पहिली दोन-तीन कशीबशी टिकतात, शेवटचं ‘त्सान’ निसटतं.

कँटनीजचा मोह होतो, पण तिला सहा सूर आहेत आणि तिथल्या गाण्यात चाल व सूर जुळलेच पाहिजेत अशी श्रोत्यांची पक्की अपेक्षा असते. मंदारिन गाण्यांत ती बरीच सैल आहे. गायकांमध्ये कँटनीज येणारं कुणी नसेल तर मंदारिन घ्या आणि प्रवेश सुरांचा तुटकपणा लयीतून परत आणा. ते कसं, ते पुढे येईल.

हक्कांबद्दल थोडक्यात: कविता सर्वांची आहे, भाषांतर तसं नसतं. भारतात अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि अनेक देशांत ७० वर्षं हक्क शिल्लक राहतो. कार्यक्रमपत्रिकेत छापायचा अर्थ स्वतः शब्दशः तयार करणं उत्तम.

अक्षरपत्रक

एका मोठ्या कागदावर वीस रकाने आखा. प्रत्येकात पाच गोष्टी लिहा: उच्चार, मंदारिन सूर, जुना वर्ग (सम म्हणजे सपाट सुराचं अक्षर की वक्र म्हणजे बाकी कुठल्याही सुराचं, आणि वक्र असेल तर प्रवेश आहे का), अर्थ, आणि शब्द कुणाला जोडून आहे.

उच्चार देवनागरीतच लिहा, रोमन लिपीवरून वाचू नका. रोमनमध्ये जे ‘गू’, ‘दू’, ‘ज्यांग’ दिसतं ते खरं तर कू, तू, च्याङ् आहे. मंदारिनमध्ये भेद घोष-अघोषाचा नाही, अल्पप्राण-महाप्राणाचा आहे, आणि मराठी जिभेला तो जन्मतः येतो. ‘चोर’मधला च आणि ‘चहा’मधला च हे दोन्ही मंदारिनमध्ये वेगवेगळे वर्ण आहेत. युरोपीय वृंदांना ज्यासाठी तास घालवावे लागतात ते इथे मिनिटांत जमतं. खाली ‘त्स’ म्हणजे ‘चोर’चा च, ‘ष’ म्हणजे जीभ मागे वळवून श, ‘ट्ष’ म्हणजे तशाच वळवलेल्या जिभेचा च. ‘ङ्’ नंतर ग ऐकू येता कामा नये. ‘फेइ’मधला फ दात ओठाला टेकवून.

छ्येन षान न्याओ फेइ च्युए (१ १ ३ १ २)
वान चिङ् रन त्सुङ् म्ये (४ ४ २ १ ४)
कू ट्षोउ स्वो ली वङ् (१ १ १ ४ १)
तू त्याओ हान च्याङ् श्युए (२ ४ २ १ ३)

कंसातले आकडे सुरांचे. भाषाशास्त्रज्ञ आणि संगीतकार चाओ युआन-रन (१८९२–१९८२) यांनी १९३० मध्ये सुरांचा आलेख पाच पायऱ्यांत (१ सगळ्यात खालची, ५ सगळ्यात वरची) लिहायची पद्धत मांडली. तिच्यानुसार पहिला सूर ५५ (वर, सपाट), दुसरा ३५ (चढता), तिसरा २१४ (खाली जाऊन वर), चौथा ५१ (वरून खाली). चाल बांधताना हे आकडे डोळ्यांसमोर असू द्या.

मग शेजारामुळे होणारे बदल बघा. तिसऱ्या सुरानंतर वेगळा कुठलाही सूर आला की तो वर चढत नाही, नुसता खालीच राहतो. ‘न्याओ फेइ’मध्ये नेमकं हेच होतं. तिथे खाली-वर असा हेलकावा लिहिणं ही नवख्या रचनाकारांची नेहमीची चूक. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्या सुरासारखा होतो. कवी वांग वेईच्या ‘लू चाय’मधलं ‘यू श्याङ्’ याचं उदाहरण, आणि त्याच कवितेत ‘पू च्येन’मधला नकार चौथ्या सुराऐवजी दुसऱ्या सुरात येतो. हे बदल पत्रकात लाल शाईने नोंदवा. शब्दकोशातला सूर आणि ओळीतला सूर यांत फरक असतो.

प्रवेश अक्षरं आपल्या कवितेत पाच: च्युए, म्ये, ली, तू, श्युए. त्यांच्याभोवती गोल करा.

शेवटच्या रकान्यात जोड्या येतात. पाच अक्षरी ओळीत यती दोन अक्षरांनंतर असते (२+३), सात अक्षरी ओळीत चारांनंतर (४+३). इथे चारही ओळी २+२+१ अशा पडतात. श्वास, पुनरावृत्ती, आवाजांची अदलाबदल हे सगळं या खाचांवरच करायचं.

चाल

स्वरसप्तक ठरवताना मराठी श्रोत्याकडे एक फायदा आहे आणि एक सापळाही. चिनी पंचस्वरी रीतींचे स्वर आपल्या ओळखीच्या रागांशी जुळतात: कुङ् म्हणजे भूपचे स्वर, षाङ् म्हणजे मेघाचे, च्युए म्हणजे मालकंसाचे, ट्ष म्हणजे दुर्गाचे, आणि यू म्हणजे धानीचे. फक्त स्वर जुळतात, चलन नाही. भूपातले ओळखीचे स्वरसमूह आले की सभागृहातला प्रत्येकजण मनात भूपच ऐकेल. त्यामुळे रागाच्या पकडीसारखा तुकडा तयार झाला तर तो मोडा. पाचच स्वर वापरले पाहिजेत असाही नियम नाही. ह्वाङ् त्स (१९०४–१९३८) अमेरिकेत शिकून परतले आणि त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘छाङ् हन क’ ही गायनवृंदाची रचना युरोपीय स्वरमेळात केली.

‘च्याङ् श्युए’साठी यू रीत घेऊ: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. सा पांढरी दोन. खाली ग आणि नि कोमलच समजावेत.

सुरांकडून चालीकडे जाण्याची रीत साधी आहे. पहिल्या सुराला वरचा, स्थिर स्वर. दुसऱ्याला खालून वर जाणारे दोन स्वर, किंवा आधीच्या अक्षरापेक्षा खाली सुरुवात. तिसऱ्याला ओळीतला सगळ्यात खालचा स्वर. चौथ्याला वरून उतरणारी जोडी. दोन चौथे सूर लागोपाठ आले की दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या सुरुवातीपेक्षा खाली. यातून असं निघतं:

ओळ १: प, प, सा, प, म–प
ओळ २: नि–प, प–म, ग–म, प, प–सा
ओळ ३: म, म, म, प–ग, म
ओळ ४: सा–ग, प–म, ग–म, प, सा

हे अंतिम रूप नाही, सांगाडा आहे. पण कवितेनेच काय दिलंय ते बघा. तिसऱ्या ओळीत पाचपैकी चार अक्षरं सपाट सुराची, म्हणून एका स्वरावरचं एकसुरी पठण आपोआप मिळतं, तेही नेमकं ‘एकटी नाव’ या शब्दांवर. आणि शेवटचं ‘श्युए’ तिसऱ्या सुराचं असल्याने चाल स्वतःहून सा वर येऊन थांबते. असं मिळालेलं दान नाकारून वरचा नाट्यमय शेवट लिहू नका.

चालीच्या ओघात सूर उलटला, म्हणजे चौथ्या सुराचं अक्षर चढत्या जोडीवर आलं, तर चिनी गायनपरंपरेत त्याला ‘ताओ-त्स’, उलटं पडलेलं अक्षर, म्हणतात आणि तो दोष मानतात. वीसच्या वीस अक्षरं सांभाळायची गरज नाही. यमकं, ओळीचं दुसरं अक्षर, आणि सूर बदलला तर वेगळाच शब्द ऐकू येईल अशी अक्षरं मात्र सोडू नका.

लय

पाच अक्षरांना पाच सारखे ठोके आणि मग विश्रांती: सगळ्यात जास्त रचना इथेच मरतात. बालगीतासारखं ऐकू येतं. पारंपरिक पठणात (चाओ युआन-रन यांचं घराणं जिथलं, त्या छाङ्-चौची पठणपद्धत आजही जपली गेली आहे) नियम असा: सम अक्षर लांब, वक्र अक्षर आखूड, यमक लांब, पण प्रवेश अक्षर तोडून. कुन्छू या नाट्यगायनातही प्रवेश अक्षर उच्चारताच कापतात आणि क्षणभर थांबून त्याच स्वरावर पुढे नेतात. मंदारिनमध्ये हरवलेला त् असाच परत मिळतो.

पहिल्या ओळीची मांडणी, चार मात्रांचा बार धरून: छ्येन २ मात्रा, षान ४, न्याओ १, फेइ ३, च्युए अर्धी, मग दीड मात्रा संपूर्ण शांतता, आणि शेवटच्या चार मात्रांत खालच्या आवाजांचा गुंजन. एकूण १६ मात्रा, चार बार. षानवरचा मुक्काम यतीमुळे. ‘संपलं’ या अर्थाचा च्युए झटकन कापला जातो आणि अर्थ शांततेत ऐकू येतो.

वेग मिनिटाला ५४ मात्रा ठेवा. एक बार साधारण साडेचार सेकंदांचा. आराखडा: सुरुवात ६ बार, पहिली ओळ ८, दुसरी ८, जोड ३, तिसरी ९, चौथी ९, समारोप ५. एकूण ४८ बार, सुमारे साडेतीन मिनिटं. वीस अक्षरांना याहून लांब ताणलं की श्रोता शब्द विसरतो.

आठ-नऊ बार भरायचे तर पुनरावृत्ती येणारच, आणि तिला जुना आधार आहे. वांग वेईच्या निरोपाच्या कवितेवरचं ‘याङ्-क्वान सान त्ये’ हे गीत नावाप्रमाणेच तीन आवर्तनांचं आहे. पण इथे एक गोष्ट फार जपा. ‘न्याओ फेइ’ एवढंच परत म्हटलं तर अर्थ होतो ‘पक्षी उडतात’. ‘रन त्सुङ्’ एवढंच म्हटलं तर ‘माणसांच्या खुणा’. दोन्ही ओळींचा नकार शेवटच्या अक्षरात आहे. म्हणून तीन अक्षरांचा उत्तरार्ध अखंडच परत घ्या, किंवा पहिली जोडी (छ्येन षान, वान चिङ्) परत घ्या.

याच कारणासाठी पक्ष्यांच्या किलबिलीसारख्या हरकती नकोत. त्या कवितेत पक्षी नाहीत, नसणं आहे. हिमाचं वातावरणही आधीपासून रंगवू नका. ‘हिम’ हा शब्द विसाव्या अक्षराला येतो आणि तोपर्यंत कवीने तो राखून ठेवला आहे.

चार आवाजांची वाटणी

कवितेची नजर अरुंद होत जाते: हजार डोंगर, मग वाटा, मग नाव, मग एक दोरी. आवाजांची घनताही तशीच उतरू द्या. पहिल्या ओळीला सोप्रानो (स्त्रियांचा वरचा आवाज) आणि अल्टो (स्त्रियांचा खालचा) दोन-दोन भागांत, दुसरीला चारही आवाज साधे, तिसरीला एकटा टेनर (पुरुषांचा वरचा), खाली बासचा (पुरुषांचा खालचा) षड्ज. चौथीला परत दोनच आवाज. शेवटी जोर चढवून कळस करण्याची वृंदगानाची सवय इथे कवितेच्या विरुद्ध जाते.

सूर टिकवायचे तर शब्द म्हणणाऱ्या सगळ्या आवाजांची चाल एकाच दिशेने हलली पाहिजे. सोप्रानो उतरत असताना अल्टो चढली की तेच अक्षर दोन वेगळ्या सुरांत ऐकू येतं. पंचस्वरीत यावर सोपा उपाय आहे: खालच्या आवाजाला सप्तकातला मधला एक स्वर सोडून खालचा स्वर द्या. प खाली ग, नि खाली म, म खाली सा, ग खाली मंद्र नि, सा खाली मंद्र प. एका ठिकाणी तिसऱ्या स्वराचं अंतर (सा ते शुद्ध ग एवढं) पडतं, बाकी सगळीकडे चौथ्या स्वराचं (सा ते म एवढं). समांतर जाण्याला घाबरू नका. पाठ्यपुस्तकातली बंदी वेगळ्या संगीतासाठी आहे. विरुद्ध दिशेची हालचाल हवीच असेल तर ती शब्दांशिवाय, नुसत्या ‘ऊ’ किंवा ‘ङ्’ वर.

एकामागून एक तीच चाल घेणारी रचना चालते, कारण आलेख तोच राहतो. मात्र दोन आवाजांत किमान दोन मात्रांचं अंतर ठेवा आणि तिसरा आवाज शब्दांशिवाय ठेवा. चार आवाज चार वेगळी अक्षरं म्हणू लागले की ऐकणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही.

समारोपाच्या पाच बारांसाठी साहित्य कवितेतच आहे. चारही ओळींची पहिली अक्षरं उभी वाचली तर छ्येन, वान, कू, तू, म्हणजे हजारो-लाखो एकटेपणा असं होतं आणि वाचकांनी ते फार पूर्वीच टिपलं आहे. ही चार अक्षरं बास, टेनर, अल्टो, सोप्रानो यांना एकेक बार देऊन अगदी हळू आवाजात घ्या, पाचवा बार गुंजनाचा.

अक्षराचं डोकं, पोट, शेपूट

कुन्छूच्या गायकांची ही विभागणी वृंदालाही उपयोगी पडते. व्यंजन आणि अर्धस्वर म्हणजे डोकं, मुख्य स्वर म्हणजे पोट, शेवटचा न्, ङ् किंवा सरकता स्वर म्हणजे शेपूट. चार मात्रांच्या ‘षान’मध्ये साडेतीन मात्रा ‘आ’, शेवटची अर्धी ‘न्’. मराठी गायक अनुनासिक लवकर बंद करतात आणि मग सगळा वृंद पहिल्या मात्रेपासून गुणगुणायला लागतो. स्वरही तिथेच उतरतो. ‘न्याओ’, ‘फेइ’, ‘ट्षोउ’ यांतही पहिला स्वर धरायचा, दुसरा शेवटच्या क्षणी. ‘छ्येन’मधला स्वर ‘ए’कडे झुकतो, ‘छियान’ नको. ‘श्युए’साठी ओठ ‘ऊ’चे, जीभ ‘ई’ची, आणि लगेच ‘ए’. हा स्वर सोप्रानोंना वरच्या पट्टीत घट्ट होतो, म्हणून तार रे च्या वर तो लिहू नका.

शास्त्रीय तालीम असलेल्या गायकांकडून आणखी एक अडचण येते: चढत्या-उतरत्या जोड्यांवर मींड फार लांबते. दोन स्वरांमधलं अंतर एका मात्रेच्या आत पार व्हायला हवं, नाहीतर चौथा सूर विलाप वाटतो.

तालीम

१६ ते २४ गायक पुरेत. गोव्यातल्या चर्चच्या वृंदांना चार आवाजांची सवय असते, तिथे स्वरमेळ लवकर बसतो. इतरत्र षड्जाचा तंबोरा लावूनच सुरुवात करा, कारण या रचनेत स्वर उतरण्याचा धोका मोठा आहे.

पहिल्या तालमीत गाणं नाहीच. ९० मिनिटांपैकी अर्धा वेळ नुसतं वाचन, मग बोटाने हवेत सुरांचे आलेख काढत वाचन, मग लयीत वाचन. मंदारिन मातृभाषा असलेल्या व्यक्तीचं ध्वनिमुद्रण सगळ्यांकडे असू द्या, तेही एकदा बोलण्याच्या वेगात आणि एकदा हळू. दुसऱ्या तालमीत सगळ्यांनी मुख्य चाल एकत्र शिकायची, बासनेही. ज्याला मुख्य चाल येत नाही त्याला आपला भाग कुठे झुकतो ते कळत नाही. तिसरीत वाटणी, चौथीत शांततांचा सराव. च्युएनंतरची दीड मात्रा संचालकाने हातानेच मोजून दाखवावी. तिथे कुणाचा श्वास ऐकू आला तरी ओळ फुटते.

स्वरलिपीत प्रत्येक स्वराखाली दोन ओळी असाव्यात, वर देवनागरी उच्चार आणि खाली सुराचा आकडा. अर्थ शब्दशः, वेगळ्या पानावर.

शेवटची तपासणी बाहेरच्या कानाने करा. शब्द न देता ध्वनिमुद्रण मंदारिन जाणणाऱ्याला ऐकवा आणि ऐकू येईल ते लिहून घ्यायला सांगा. कविता शाळेत पाठ झालेली असते, त्यामुळे ओळखीवरून भरून काढलेले शब्द आणि खरोखर ऐकलेले शब्द त्याला वेगवेगळे खुणा करून लिहायला सांगा. तिन्ही यमकं आणि एकूण पंधरा अक्षरं खरी ऐकू आली तर रचना उभी आहे. यमकांपैकी एखादं हरवलं असेल तर उच्चार सुधारण्याआधी स्वरमेळ बघा: बहुतेक वेळा त्या जागी खालचा एखादा आवाज उलट्या दिशेने चाललेला सापडतो.